पाणी देण्याआधी

कोयता विकत घेणारा माणूस तीन गोष्टी करतो. नखावर धार टेकवून बघतो, पात्यावर टिचकी मारून नाद ऐकतो आणि लोहाराला विचारतो, "पाणी नीट दिलंय ना?" संभाजीनगरात जाफर गेटचा बाजार असो, छावणीचा आठवडी बाजार असो की पैठण-गंगापूरकडचे गावबाजार, हा प्रश्न ठरलेला. उत्तरही ठरलेलं: "दगडावर हाणून बघा." पुढे हंगाम सुरू होतो आणि कोयता बिघडलाच तर दोनपैकी एका तऱ्हेने बिघडतो. धार मुडपते, नाहीतर पात्याचा तुकडा उडतो. दोन्ही वेळा दोष पाण्यावर जातो.

पात्याचं बरंवाईट कशावर ठरतं, या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या तीन उत्तरं मिळत आली आहेत. कुणी म्हणतं पोलादावर, कुणी म्हणतं ठोक्यावर, आणि बहुतेक सगळे म्हणतात पाण्यावर. तिन्हींत तथ्य आहे. पण आपल्याकडची पाती जिथे सर्वांत जास्त बिघडतात ती जागा या तिन्हींच्या फटीत आहे, असं माझं मत झालं आहे. ठोकणं संपलं आणि पाणी द्यायचं आहे, त्या मधल्या वेळात पोलाद ठरावीक तापापर्यंत नेऊन उघड्या हवेत शांतपणे निवू द्यायचं असतं. कारखान्यात याला नॉर्मलायझिंग म्हणतात. रस्त्याकडेच्या भट्टीत याला नाव नाही, कारण ते सहसा केलंच जात नाही. आणि पाणी दिल्यावर जो उतारा द्यायचा, म्हणजे टेम्परिंग, तो होतो खरा, पण नजरेच्या अंदाजाने.

संभाजीनगरात हा प्रश्न जास्त ठळकपणे दिसतो. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांची रांग लागली. गिअर, शाफ्ट, पिना, स्प्रिंगा यांना तापवून, बुडवून, पुन्हा तापवून योग्य कठीणपणा देणारी जॉबवर्कची युनिटंही त्यांच्यासोबत आली. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे; तिथे डाय आणि मोल्ड घडवणारे कारागीर तयार होतात आणि हत्यारी पोलादाचं हीट ट्रीटमेंट शास्त्रशुद्ध चालतं. या भट्ट्यांचं तापमान आकड्यांत दिसतं आणि नोंदलं जातं. त्याच औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला गाडीलोहारांचे, घिसाड्यांचे पाल पडलेले असतात. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, हाताने फिरवायचा पंखा, शेजारी ऐरण आणि पाण्याचा डबा. धातू तोच, प्रक्रियाही मुळात तीच. अंतर काही किलोमीटरचं, पण एका भट्टीतलं ज्ञान दुसरीकडे पोचत नाही.

रस्त्यावरची भट्टी आधी पाहू. कच्चा माल म्हणजे भंगारातला ट्रकचा कमानपाटा. तो तापवून छन्नीने हव्या त्या मापाचा तोडतात. मग पिवळा होईपर्यंत तापवायचा आणि ऐरणीवर घ्यायचा. सांडशीने पकडून फिरवणारा एक, घण घालणारी दोन माणसं. या समाजात घण बाईच्या हातात असणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि तिचा ठोका पडतो तिथेच पडतो. पाटा लांबतो, पातळ होतो, टोकाला बाक येतो. धारेकडची बाजू काळपट लाल असताना हलक्या हाताने ठोकून आणखी पातळ करतात. मग कानस. शेवटी फक्त धारेची कड विस्तवात धरून लाल करतात आणि डब्यातल्या पाण्यात एक-दोन क्षण बुडवून बाहेर काढतात. धार विझलेली, पाठ अजून लाल. कड दगडावर घासून थोडी चकचकीत केली जाते आणि लोहार तिच्याकडे टक लावून बघतो. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि त्या चकचकीत पट्टीवर रंग उमटायला लागतात: आधी गवती पिवळा, मग तांबूस तपकिरी, मग जांभळा, मग निळा. त्याला हवा तो रंग कडेला पोचला की पातं पूर्ण पाण्यात. शेवटचा घाव पडल्यापासून इथवर काही मिनिटंच जातात.

यात अडाणीपणा अजिबात नाही. निवडच बघा. ट्रकच्या कमानपाट्यासाठी आपल्याकडे ईएन ४५, ईएन ४७, एसयूपी ९ अशा जातींचं पोलाद वापरतात. त्यांत कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के. ईएन ४५ मध्ये दीड ते दोन टक्के सिलिकॉन, ईएन ४७ मध्ये क्रोमियम आणि थोडं व्हॅनेडियम. वाकून परत सरळ होणं हा या पोलादाचा स्वभाव. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्यात साखर जास्त. म्हणजे प्रत्येक घावाला कोयता मुरमाला, खड्याला भिडण्याची शक्यता. अशा कामाला अतिकठीण पोलाद कुचकामी, चिवट पोलादच हवं. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, इतकं ते हत्यार माणसाच्या जिण्याशी बांधलेलं आहे. त्यासाठी कमानपाट्याहून योग्य भंगार शोधून सापडणार नाही. पाणी फक्त धारेला आणि तेही क्षणभर, पाठीच्या उष्णतेने आपोआप उतारा, हीसुद्धा उत्तम युक्ती आहे. घडवणाऱ्याने पिढीजात अनुभवातून ती कमावली आहे.

मग बिघडतं कुठे?

त्यासाठी पोलादाच्या आत डोकवावं लागतं. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसला आपल्या अणूंची मांडणी बदलतं. त्यात कार्बन असला की हा बदल खाली सरकतो आणि ७२७ अंशांपासूनच सुरू होतो. या वरच्या तापातल्या रूपाला ऑस्टेनाइट म्हणतात. ते कार्बन पोटात विरघळवून घेतं. सावकाश निवलं तर कार्बन बाहेर पडतो आणि लोह-कार्बाइडाच्या पातळ थरांचा मऊ पर्लाइट बनतो. झटक्यात निवलं तर कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आत अडकतो, मांडणी ताणली जाते आणि कठीण, पण ठिसूळ मार्टेनसाइट तयार होतं. दिमित्री चेर्नोव्ह या रशियन अभियंत्याने १८६८ साली या ठरावीक तापबिंदूंकडे लक्ष वेधलं. १९३० साली डेव्हनपोर्ट आणि बेन यांनी किती वेळात काय बनतं याचे आलेख मांडले. पाण्याचं गूढ तिथेच बरंचसं उकललं.

पण कठीणपणा ही अर्धी गोष्ट. पोलाद अतिसूक्ष्म कणांचं बनलेलं असतं. पाटा पिवळाधमक, म्हणजे अकराशे अंशांच्या आसपास तापवला की हे कण एकमेकांत मिसळून वाढत जातात, आणि जितका वेळ विस्तवात तितके मोठे होतात. घावाखाली ते मोडतात, पण घाव घालून झाल्यावर पातं पुन्हा विस्तवात गेलं की परत वाढतात. कण मोजायची अमेरिकी पद्धत अशी आहे की क्रमांक एकाने वाढला की ठरावीक क्षेत्रातली कणांची संख्या दुप्पट होते. नुसतं ठोकून सोडलेलं पातं दोन-तीन क्रमांकावर असू शकतं, नीट हाताळलेलं नऊ-दहावर. म्हणजे त्याच जागेत शंभरपटीच्या आसपास जास्त कण. मोठ्या कणांच्या पात्यात तडा एकदा सुरू झाला की कणांच्या सीमेवरून सरळ धावतो. बारीक कणांत त्याला पावलोपावली वळणं घ्यावी लागतात. दोन्ही पात्यांचा कठीणपणा यंत्रावर सारखाच येईल. तुटताना मात्र एक पहिल्या दगडाला तुटेल आणि दुसरं वाकून दाखवेल.

हे बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पाट्याचा बोटभर तुकडा पिवळा तापवून तसाच पाण्यात विझवा, शिकंज्यात धरून हातोड्याने तोडा आणि तुटलेली कड उन्हात धरा. साखरेसारखी चमचमणारी, खडबडीत दिसेल. त्याच पाट्याचा दुसरा तुकडा आधी नीट नॉर्मलाइझ करून, योग्य तापावरून विझवून तोडा. तिथे चमक नसेल. राखाडी, मऊसर, डोळ्याला कणच न दिसणारी कड असेल. ज्या लोहारांना हे दोन तुकडे शेजारी ठेवून दाखवता येतील, त्यांना पुढे फारसं समजावावं लागणार नाही.

नॉर्मलायझिंगची कृती साधी आहे. ठोकणं संपल्यावर पातं बदलाच्या तापाच्या वर, पात्याला लागणाऱ्या बहुतेक साध्या पोलादांसाठी ८७० ते ९०० अंशांपर्यंत न्यायचं. सगळीकडे एकसारखा रंग आला पाहिजे, टोक जळतंय आणि मुठीकडचा भाग काळा, असं चालणार नाही. मग बाहेर काढून वारा नसलेल्या जागी टांगून किंवा उभं धरून पूर्ण काळं पडेपर्यंत निवू द्यायचं. पाण्यात नाही, ऐरणीवर आडवं टाकूनही नाही, कारण गार ऐरण एक बाजू आधी ओढते आणि पातं वाकतं. नंतर हेच दोनदा, पण दर वेळी ताप थोडा उतरवत: आठशे तीसच्या आसपास, मग आठशेच्या आत. पोलाद बदलाची रेषा ओलांडतं तेव्हा दर वेळी जुन्या कणांच्या सीमांवर नवे कण उगवतात. वरून उतरताना एकदा आणि खालून चढताना एकदा. शेवटची फेरी कमी तापाची ठेवली की ते वाढायच्या आतच पकडले जातात. पहिली फेरी मात्र जास्त तापाची लागते, कारण ठोकताना इथे तिथे वेगवेगळा तापलेला भाग आधी एकसारखा करायचा असतो.

कार्बन ०.८ टक्क्यांहून जास्त असलेल्या पोलादात आणखी एक दुखणं असतं. ठोकलेलं पातं राखेत पुरून सावकाश निवू दिलं, तर जादाचा कार्बन कार्बाइडाच्या रूपाने कणांच्या सीमांवर जाळ्यासारखा साचतो. बेअरिंगच्या पोलादात, ज्याला बाजारात ईएन ३१ म्हणतात आणि ज्यात जवळपास एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं, हे नेहमी घडतं. बेअरिंगची रिंग सरळ करून सुरी बनवणारे हौशी लोक "मऊ व्हावं म्हणून" ती रात्रभर राखेत ठेवतात आणि सुरी तडकली की पोलादाला नावं ठेवतात. ते जाळं नऊशे अंशांच्या वरच्या नॉर्मलायझिंगनेच मोडतं. मऊ करायचं काम त्यानंतर.

नॉर्मलायझिंगचा एक रोकडा फायदाही आहे, आणि मला वाटतं लोहारांना तोच आधी पटेल. ठोकताना आत दबलेले ताण या फेऱ्यांमध्ये सुटतात. जे पातं पाणी देताना वाकणार असतं ते इथेच वाकून दाखवतं, आणि इथे ते लाल असताना दोन टिचक्यांत सरळ करता येतं. पाणी दिल्यानंतर वाकलेलं पातं सरळ करायला गेलं की हातात दोन तुकडे येतात.

इथे जुन्या काळाकडे वळायला हवं, कारण आपल्याच मुलखात या सगळ्याचा पुरावा आहे. १७९४ साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे इथल्या पोलादाचे नमुने पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर १७९५ मध्ये रॉयल सोसायटीत निबंध वाचला आणि 'वूट्झ' हे नाव युरोपात रुळलं. पुढे लोहाराच्याच घरात जन्मलेल्या मायकेल फॅरेडेनेही या पोलादाचं पृथक्करण करून पाहिलं. औरंगाबाद, म्हणजे आजचं संभाजीनगर, ज्या निजामी राज्यात होतं, त्याच राज्यात, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. तिथे मुशीत पोलाद तयार व्हायचं. हेन्री व्हॉयसी या सर्वेक्षकाने ते काम पाहून लिहून ठेवलं. त्याचं टिपण १८३२ साली छापून आलं. इस्फहानचे व्यापारी तिथे मुक्काम ठोकून पोलाद निवडून न्यायचे, असं त्यात आहे.

या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. युरोपातल्या लोहारांनी ते आपल्या सवयीने पांढरं तापवलं आणि ते घणाखाली भुगा झालं. इराण-सीरियातल्या, दख्खनमधल्या कारागिरांना ठाऊक होतं की हे पोलाद कमी तापावर, लालसर असतानाच, पुन्हा पुन्हा तापवून हळूहळू ठोकायचं. अमेरिकेतले धातुतज्ज्ञ जॉन व्हरहोवन आणि लोहार अल्फ्रेड पेंड्रे यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस जोडीने प्रयोग करून दाखवलं की याच पोलादाच्या दमास्कस पात्यांवरची ती प्रसिद्ध लहरींची नक्षी याच पुन्हा पुन्हा तापवण्या-निवण्यातून उमटते, आणि त्यासाठी खनिजातून आलेला व्हॅनेडियमचा अगदी किंचित अंश पुरतो. मला या संशोधनात सर्वांत मोलाची वाटते ती जोडी. प्राध्यापक आणि लोहार एका भट्टीपाशी बसले तेव्हाच उत्तर निघालं. आणि उत्तर काय, तर नुसतं पोलाद पुरेसं नव्हतं, नुसतं पाणीही नव्हतं. मधल्या तापाच्या फेऱ्यांत सगळं होतं.

पाण्याबद्दलच्या समजुती मात्र अफाट आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तलवारीला पाणी देण्याच्या कृती आहेत. त्यांत केळीची राख ताकात कालवून त्या मिश्रणात पाणी देण्याचीही कृती येते. मध्ययुगीन युरोपात बोकडाचं मूत्र वापरायचे. आजही कुणी डब्यात मीठ टाकतो, कुणी जळकं इंजिन ऑइल, कुणी आणखी काही औषधी. यांतल्या बहुतेकांमागे एकच कारण आहे. लाल पातं पाण्यात जाताच त्याभोवती वाफेचं पांघरूण तयार होतं आणि तेवढ्यापुरतं निवणं मंदावतं. मीठ ते पांघरूण फोडतं. म्हणून खारट पाणी, मूत्रसुद्धा, साध्या पाण्याहून जलद निववतं. तेल त्याहून सावकाश निववतं. पात्यात काही 'शिरत' नाही. कोणत्या पोलादाला किती वेग हवा एवढाच प्रश्न उरतो. साध्या कार्बन पोलादाला जलद, कमानपाट्याला आणि बेअरिंगला तेल पुरतं. कमानपाट्याचं अख्खं पातं थंड पाण्यात बुडवलं तर 'टिंग' असा बारीक आवाज येतो. तो तड्याचा आवाज असतो. कारखान्यांत यासाठी खास क्वेंचिंग ऑइल मिळतं, इंडियन ऑइलचं सर्वो क्वेंच त्यांतलंच. घरगुती कामाला शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट करून वापरावं. कोमट तेल पातळ असतं आणि गार तेलापेक्षा उष्णता लवकर ओढतं. जळक्या इंजिन ऑइलचा धूर मात्र छातीत जातो, आणि पालात लहान मुलं शेजारीच बसलेली असतात. ते वापरूच नये.

पाणी कधी द्यायचं, हा खरा प्रश्न. रंगावर भिस्त ठेवणारा लोहार सावलीत काम करतो, आणि ते बरोबर आहे, कारण उन्हात लाल दिसणारं पातं सावलीत केशरी असतं, म्हणजे प्रत्यक्षात शंभरेक अंश जास्त तापलेलं. हौशी लोक लोहचुंबक वापरतात: पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटायचं बंद होतं, त्याच्या थोडं वर नेऊन बुडवायचं. साध्या कार्बन पोलादाला ही युक्ती चालते. कमानपाट्याला तेवढी पुरत नाही. त्यातल्या सिलिकॉनमुळे बदलाचा ताप वर सरकलेला असतो. चुंबक सुटल्यासुटल्या बुडवलं तर पातं कच्चं राहतं आणि धार मुडपते. त्याला ८६०-८७० अंशांपर्यंत न्यावं लागतं. बेअरिंगच्या पोलादाला ८४० अंशांवर दहाएक मिनिटं धरून ठेवावं लागतं, कारण क्रोमियमचे कार्बाइड लवकर विरघळत नाहीत, आणि कोळशाच्या उघड्या भट्टीत एवढा वेळ ताप स्थिर ठेवणं जवळपास अशक्य. उलट जास्त तापवलं तर कण पुन्हा फुगतात, जादा कार्बन विरघळतो, आणि थोडं ऑस्टेनाइट न बदलता तसंच राहून जातं. अंदाजासाठी स्वयंपाकघरातलं मीठही कामी येतं. ते ८०१ अंशांना वितळतं. पात्यावर टाकलेली चिमूट पाघळली म्हणजे तेवढा ताप आला.

ठोक्यांचं काय? धारेवर थंड ठोके घातले की पोलाद 'घट्ट' होतं, ही समजूत आपल्याकडे आहे तशी युरोप-अमेरिकेतही आहे. मऊ लोखंडाच्या विळ्याला, ज्याला पाणी द्यायचंच नसतं, त्याला हा फायदा खरोखर होतो. पण ज्या पात्याला पुढे तापवून पाणी द्यायचं आहे, त्यात ठोक्यांनी आलेला कठीणपणा त्या तापात पुसला जातो. लॅरिन थॉमस या अमेरिकी धातुतज्ज्ञाने २०२० मध्ये सुऱ्यांच्या पोलादावर 'नाईफ इंजिनिअरिंग' नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. अशा अनेक समजुती त्याने मोजमाप घेऊन तपासल्या आहेत. घडवलेलं पातं आणि पट्टीतून नुसतं घासून काढलेलं पातं, दोघांना एकसारखं हीट ट्रीटमेंट दिलं तर वापरात फरक सापडणं कठीण, हेच खरं. घडवण्याची किंमत आकारासाठी आहे, माल वाया न जाण्यासाठी आहे, जादूसाठी नाही.

टेम्परिंगवर वेरूळच्या डोंगरात विचार करावासा वाटतो. कैलास लेणं आठव्या शतकात काळ्या बेसाल्टातून वरून खाली कोरलं गेलं. तिथे किती टाक्या बोथट झाल्या असतील आणि किती वेळा विस्तवात जाऊन परत आल्या असतील! आजचा पाथरवटही टाकी बोथट झाली की तापवून, ठोकून टोक काढतो आणि पाणी देतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, पण त्याआधी टाकीला स्वतःला ताप सोसावा लागतो. टाकीत कामाचं फक्त टोक आहे, म्हणून मागच्या उष्णतेने टोकाला उतारा देण्याची रंगांची रीत तिथे चोख चालते. गवती पिवळा म्हणजे २०० ते २३० अंश, तपकिरी २५०च्या वर, निळा तीनशेच्या आसपास. मात्र हे रंग म्हणजे पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी. ती तापावर अवलंबून असते तशी वेळेवरही. टाकीच्या टोकाला जे जमतं ते हातभर लांब पात्यावर एकसारखं जमत नाही. कोयत्याच्या बाकापाशी निळा आणि टोकाला पिवळा, असं दिसतं ते यामुळेच, आणि तुकडा नेमका टोकाचा उडतो.

बरं, टेम्परिंगला उघडा विस्तव लागतच नाही. दोनशे अंशांवर दोन तास, निवू देऊन परत दोन तास, एवढं बेकरीच्या किंवा घरच्या ओव्हनमध्येही होतं. स्वयंपाकाच्या सुरीला ते पुरतं. कठीणपणा रॉकवेल सी मापावर साठीच्या आसपास राहतो. कोयत्याला पंचेचाळीस ते पन्नास पुरे, म्हणून त्याला चारशेच्या आगेमागे चढवावं लागतं. मधल्या अडीचशे ते साडेतीनशेच्या पट्ट्यात अनेक साधी पोलादं मऊ होऊनही जास्त ठिसूळ होतात. सिलिकॉनच्या पोलादात हा धोक्याचा पट्टा आणखी वर सरकतो. नजरेने हे पट्टे ओळखता येत नाहीत. आणि इतकं करून शेवटी सायकलवरच्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर धार निळी पडली, तर तेवढ्या जागेचं पाणी उतरलंच समजा.

एमआयडीसीतल्या पोलादांबद्दल थोडक्यात. टूल रूमच्या भंगारात ओएचएनएस आणि एचसीएचसीआर या जाती भरपूर असतात. ओएचएनएस तेलात कठीण होतं आणि त्याची सुरी फार छान होते. एचसीएचसीआरमध्ये बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. ते हवेतच कठीण होतं, त्यामुळे त्याला नॉर्मलायझिंग करायचंच नसतं, केलं तर तडकण्याचीच भीती. त्याला हजार अंशांच्या वरची बंद भट्टी लागते. रस्त्यावरच्या लोहाराने त्याच्या नादी लागू नये. आणि एक खुलासा: लांब पाती आणि शस्त्रं यांच्यावर शस्त्र कायद्याचं बंधन आहे. शेती, घरकाम आणि कारखान्यासाठीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. मी बोलतो आहे ते याच हत्यारांबद्दल.

वाळूजच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांना दोन पाती घेऊन गेलेला माणूस परवडत नाही. किमान वजनाचा आकार असतो, भट्टी लोटच्या हिशेबाने चालते. पण स्प्रिंगच्या जातीचं पोलाद ८६० अंशांवरून तेलात आणि मग टेम्परिंगला, हा लोट तिथे नवा नाही. शंभरेक कोयते ठोकून, नॉर्मलाइझ करून, कच्ची धार काढून एकत्र नेले तर त्यांचाही लोट होतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्यात ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. साखर कारखाने आहेत. इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, ज्यांच्या प्रयोगशाळेत रॉकवेल यंत्र असतंच. हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो. त्याआधीच्या पावसाळ्यात गाडीलोहारांचं काम मंदावलेलं असतं आणि भट्टीवाल्यांशी बोलणी करायलाही सवड असते. त्या दिवसांत दहा लोहार कुटुंबांनी प्रत्येकी वीस कोयते घडवावेत. निम्मे नेहमीच्या रीतीने पुरे करावेत, निम्मे नॉर्मलाइझ करून वाळूजच्या भट्टीतून काढावेत, मुठीवर खूण करून ऊसतोड टोळ्यांना द्यावेत आणि मार्चमध्ये परत मागवून बघावेत. लोहाराच्या मजुरीत भट्टीचा खर्च कोणी घालायचा, हे आधी ठरवावं लागेल. तो लोहाराच्या खिशातून जाऊ नये, आणि ऊसतोड्याच्याही नाही.